जुर्म काशीबाईचा, कुसूर कुणाचा?

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलींना घेऊन आम्ही पुण्याच्या कर्वेनगरात गेलो होतो. आज हा भाग म्हणजे उंच इमारती, कॉलेजे आणि वाहनांची गर्दी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव मिळण्यापूर्वी ते हिंगणे बुद्रुक नावाचे खेडे होते. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि शहरात प्लेगने ठाण मांडल्यावर १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. ती झोपडी संस्थेच्या आवारात अजून जपून ठेवलेली आहे. कॉलेजचे तास संपले की कर्वे पायी तिथे जात, शिकवीत आणि पुन्हा पायीच परतत.

आम्ही मुलींना त्या काळातल्या विधवांचे हाल सांगितले. केशवपन, एकवेळचे जेवण, शुभकार्यात तोंड न दाखवणे, सारे सांगून झाले. त्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पण इनका कुसूर क्या था?" आम्ही सवयीने उत्तर दिले, "कुछ नहीं." परतीच्या बसमध्ये मात्र हे उत्तर आम्हालाच खुपू लागले. कारण त्या काळातल्या काही विधवांवर सरकारदरबारी खरोखरच गुन्हा शाबीत झाला होता, आणि तोही खुनाचा.

इथे शब्दांचा थोडा विचार करावासा वाटतो. मराठीतला 'गुन्हा' हा मूळ फारसी 'गुनाह'. पण आमच्या उर्दूत गुनाह म्हणजे पाप, ज्याचा जाब अल्लाहपुढे द्यायचा. कायद्यापुढे जे घडते तो जुर्म. आणि माणसामाणसांत ज्याची चूक असते त्याचा कुसूर. मराठीने गुनाह घेतला आणि कोर्टात नेऊन बसवला, पापासाठी तिचा स्वतःचा शब्द होताच. आम्ही दोन्ही भाषांत वावरतो, म्हणून हे तीन शब्द वेगळे ठेवून पाहण्याची आम्हाला सोय आहे. पुढची हकीगत वाचताना ती फार उपयोगी पडते.

ही हकीगत खुद्द महात्मा जोतीराव फुले यांनी लिहून ठेवली आहे. १८८४ साली बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली आणि सरकारने त्यांवर लोकांची मते मागवली. फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपले मत लिहून दिले. त्यात मोठमोठे युक्तिवाद नाहीत, एका बाईची कहाणी आहे. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घरची, सरळ वर्तनाची. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. ते तिच्या मागे लागले. तिने आधी दाद दिली नाही, शेवटी ती फसली. दिवस गेले. शास्त्रीबुवांच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेऊन पाहिली, उपाय चालला नाही. नऊ महिने भरले आणि मुलगा झाला. बदनामीच्या भीतीने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला संशयावरून पकडले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

इंडियन पिनल कोड १८६२ पासून नुकताच अमलात आला होता. खुनाला फाशी किंवा काळे पाणी, हे त्यात स्पष्ट होते. तेव्हा न्यायाधीशाने कायद्याबाहेर काही केले असे म्हणता येणार नाही. पण त्याच कायद्यात गर्भपात घडवून आणणाऱ्यासाठी कलम होते, गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यासाठीही कलमे होती. फुल्यांच्या निवेदनात मात्र अटक, खटला आणि शिक्षा ही सगळी एकट्या काशीबाईची आहे. शास्त्रीबुवांचे त्यात नावही नाही. बाईचे नाव, मालकाचे नाव, सारे आहे, फक्त या गृहस्थाचे तेवढे नाही. जुर्म कुणाचा, हे कोर्टाने सांगितले. कुसूर कुणाचा, हे कुणी विचारलेच नाही.

आता त्याच काळात गुन्ह्याच्या कारणांविषयी जगात काय बोलले जात होते ते पाहू. बी.एड.ला असताना बालगुन्हेगारीच्या धड्यात 'अनुवंश की परिस्थिती' हा वाद आम्ही पाठ केला होता. परीक्षेत दोन्ही बाजू लिहिल्या की गुण मिळत. प्रत्यक्ष इतिहासात या वादाने माणसांचे संसार उद्ध्वस्त केले आहेत, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

इंग्रज सरकारने १८७० साली मुलींच्या हत्येविरुद्ध कायदा केला. तो संशयित गावे आणि कुळे ठरवून तिथल्या जन्ममृत्यूंवर पाळत ठेवणारा होता. दुसऱ्याच वर्षी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. यात तर जन्म हाच पुरावा. अमक्या जमातीत जन्मलात, तर तुम्ही गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. १९११ च्या सुधारित कायद्याने हे जाळे आपल्या मुंबई इलाख्यातही पसरले आणि सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. १८७६ साली इटलीतल्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून जाहीर केले की गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो, त्याच्या कवटीवरून आणि जबड्यावरून तो ओळखता येतो. आपल्याकडे सरकारने त्याच्या पाच वर्षे आधीच कवट्या न मोजता हा निकाल देऊन टाकला होता.

हा शिक्का आपल्या बिरादरीपासून दूर होता असे कुणी समजू नये. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, आणि छप्परबंद हे आपलेच भाऊ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, शिक्का एवढ्या लवकर पुसला गेला नाही. आमच्या पिढीने हे वेगळ्या रूपात पाहिले. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानजवळ जुम्म्याच्या नमाजेनंतर स्फोट झाले. मेले ते मुसलमान आणि आधी पकडले गेले तेही मुसलमानच. नऊ जणांना अटक झाली, पाच वर्षांनी, २०११ साली त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एकाच वस्तीत एका घरी मय्यत आणि दुसऱ्या घरी बेडी. बळी कोण आणि संशयित कोण हे आधीच ठरलेले असले की तपासाला फार चालावे लागत नाही.

काशीबाईच्या बाबतीत तिसराच सिद्धान्त वापरला गेला, आणि तो अजूनही सर्वांत स्वस्त आहे: बाईचे चारित्र्य. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात काळे पाणी झाले आणि पुढे ती शिक्षा आणखी कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेण्याची चढाओढ लागली. 'पुणे वैभव' त्यात पुढे होते. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटे पुस्तक छापले. सारे दोष बाईच्या अंगी आहेत असे म्हणता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांतलेही काहीजण नाराज झाले, तेव्हा फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेले, ते थेट १९७५ साली पुन्हा छापले गेले. मधली ९०-९२ वर्षे मराठी समाजाचे त्यावाचून काही अडले नाही, हेही नोंदवून ठेवायला हवे.

खुद्द फुल्यांनी काशीबाईच्या खटल्यानंतर काय केले? गोवंड्यांना बरोबर घेऊन त्यांनी १८६३ साली आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. छापील जाहिराती काढल्या आणि ब्राह्मणवस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. विधवांनो, इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की इथेच ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय. ज्या सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात आपल्या फातिमाचा उल्लेख आहे, त्याच सावित्रीबाई या बायकांची बाळंतपणे काढीत होत्या. आम्ही शाळेत फातिमा शेख यांच्यावर भाषणे ठेवतो, हारतुरे होतात. पण त्या घरात पाटी-पेन्सिलीखेरीज आणखी काय काय चालत होते, ते मुलींना सांगताना आमची जीभ अडखळते. असो.

आमच्या मते या गृहाचे खरे महत्त्व यात आहे की फुल्यांनी गुन्ह्याचे कारण बाईच्या कवटीत, कुळात किंवा चारित्र्यात शोधले नाही. बाळाला मारण्याच्या क्षणी तिच्यापुढे दुसरा कोणता दरवाजा होता, एवढेच त्यांनी पाहिले. दरवाजा नव्हता, म्हणून त्यांनी तो केला. अमेरिकेत हॉवर्ड बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ साली, असा विचार मांडला की गुन्हेगार हा बऱ्याचदा समाजाने शिक्का मारून घडवलेला असतो. बळी पडलेल्या माणसाचा वेगळा अभ्यास व्हावा, हा विचारही पश्चिमेत विसाव्या शतकाच्या मध्यावर मूळ धरू लागला. त्याआधी काही दशके पुण्याच्या एका माळ्याने आपल्या अंगणात हे दोन्ही प्रश्न सोडवायला घेतले होते.

सोडवले, असे आम्ही म्हणत नाही. १८८४ च्या त्या निवेदनात फुल्यांनी हिशेबही दिला आहे आणि तो वाचवत नाही. सुरुवातीपासून तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. मुलांपैकी पाच जगली, तीस दगावली. आयांनी पोट लपवण्यासाठी आधीच जी विषारी औषधे घेतली होती, त्यांनी पोटातच त्यांची हानी झाली होती. म्हणजे या बायका जाहिरात वाचून सरळ आल्या नव्हत्या. आधी त्यांनी घरोघरीच्या शास्त्रीबुवांचे ऐकले, सारे उपाय करून पाहिले आणि मग रात्री-अपरात्री फुल्यांचे दार ठोठावले. आकडा लपवला असता तर फुल्यांना कुणी विचारणार नव्हते. त्यांनी तो सरकारला लिहून कळवला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. काशीबाईची बाजू घेताना विहिरीत टाकलेल्या त्या बाळाचे काय? तेही बळीच होते, आणि सर्वांत निर्दोष. कुरआनच्या सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात जिवंत पुरलेल्या मुलीला जाब विचारण्याची वेळ येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तो प्रश्न मारणाऱ्याला नाही, मारल्या गेलेल्या मुलीला विचारला जाणार आहे. तिची साक्ष आधी. काशीबाईच्या बाळाला अशी साक्ष देता आली असती तर त्याने फक्त आईचेच नाव घेतले असते काय? गुनाहातून काशीबाई सुटते असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तिच्याबरोबर त्या पिंजऱ्यात आणखी किती जण उभे राहायला हवे होते, हे मोजण्याचा अधिकार नक्कीच आहे.

आणि हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक हकीगत आहे. हातिबच्या घराण्यातल्या गुलामांनी मुझैना कबिल्यातल्या एका माणसाची उंटीण चोरली आणि कापून खाल्ली. चोरीची सजा हात तोडण्याची. हजरत उमरनी आधी तसा हुकूम दिलाही. मग ते थांबले आणि मालकाला म्हणाले की तू यांना उपाशी ठेवतोस असे दिसते. उंटिणीची किंमत विचारली, ती चारशे दिरहम निघाली. मालकाला आठशे भरायला लावले. ज्याने पोट रिकामे ठेवले त्याच्या खिशातून भरपाई गेली. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमरनी चोरीची ही सजा स्थगित ठेवली, हे तर आपल्याकडे मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असते. पुण्याच्या सेशन कोर्टात हाच माप लावला असता तर शास्त्रीबुवांना किती दिरहम भरावे लागले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण वाचकहो, आरसा आपल्याकडेही वळवू या. आपण लगेच म्हणतो की इस्लाममध्ये बेवा स्त्रीला निकाहची मोकळीक आहे, हजरत खदीजा (रजि.) याही बेवा होत्या, आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. किताबात नव्हता, घरांत होता. उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ म्हणवणाऱ्या घराण्यांत बेवेचा दुसरा निकाह ही नामुष्की मानली जाई. म्हणून तर रायबरेलीच्या सय्यद अहमद शहीद यांना आपल्या भावाच्या बेवेशी निकाह करून ही रूढी मोडावी लागली. मौलाना हाली यांनी 'मुनाजाते बेवा' लिहिली तीही १८८४ च्याच सुमारास. इकडे पुण्यात फुले काशीबाईची कहाणी लिहीत होते, तिकडे हाली बेवेच्या तोंडूनच तिचे दुःख अल्लाहपुढे मांडत होते. एकाच काळात दोन भाषांत ही बाई बोलू लागली होती.

आणखी जवळचे उदाहरण पाकिस्तानचे. १९७९ साली तिथे हुदूद कायदे आले. १९८३ साली एका अंध मुलीवर, ती ज्यांच्या घरी काम करीत होती त्या बापलेकांनी जबरदस्ती केल्याची तक्रार झाली. पुराव्याअभावी पुरुष सुटले. मुलीचे गरोदर असणे हाच मात्र तिच्याविरुद्ध पुरावा ठरला आणि तिला तीन वर्षे कैद, पंधरा फटके आणि दंडाची सजा झाली. देशभर आरडाओरड झाल्यावर शरीयत कोर्टाने ती रद्द केली. गर्भार राहणे एवढ्यावरून बाईला दोषी धरता येत नाही, असे हनफी फिकह मानते, आणि तिथले बहुसंख्य लोक हनफीच. तरी हे घडले. पोट दिसते आणि बाप दिसत नाही, एवढ्या आधारावर न्याय करायचा म्हटले की पुण्याचे कोर्ट काय नि तिकडचे काय. तो कायदा बदलायला २००६ उजाडावे लागले.

कर्व्यांचा मार्ग फुल्यांपेक्षा निराळा होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी स्वतः एका विधवेशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, लग्न केले. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. तरीही त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जे जुर्म नव्हते त्याची सजा मुरूडने दिली, आणि जो कुसूर होता त्याची सजा पुण्यात कुणालाच झाली नाही. गावकीच्या अशा बहिष्कारालाच गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात व्हायला २०१६ साल लागले. कर्व्यांनी पुढे लग्नांच्या खटपटीपेक्षा विधवांच्या शिक्षणाकडे अधिक लक्ष दिले. बाई स्वतःच्या पायावर उभी असली तर कुण्या शास्त्रीबुवाच्या शेजारी स्वयंपाकीण म्हणून राहण्याची वेळच येणार नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. हिंगण्याच्या झोपडीत सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवाच होत्या, फुल्यांच्या अंगणातही त्याच आल्या. दोन्हीकडे एकच बाई, फक्त फुल्यांकडे ती संकट कोसळल्यावर पोचली आणि कर्व्यांकडे त्याआधी.

आज भारतीय न्याय संहितेतही, १ जुलै २०२४ पासून, मूल टाकून देणे आणि गुपचूप प्रेताची विल्हेवाट लावून जन्म लपवणे हे गुन्हे कायम आहेत. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ज्या आईबापांना मूल सांभाळणे शक्य नाही, त्यांना ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येते आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदतही मिळते. फुल्यांनी भिंतीवर चिकटवलेली जाहिरात दीडशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली म्हणायचे. ती आपल्या मोहल्ल्यांत किती जणींना माहीत आहे, हे आम्ही आमच्या शाळेतल्या पालक सभेत विचारून पाहिले. एकही हात वर आला नाही. दोन बायका मात्र सभा संपल्यावर मागे थांबल्या आणि समितीचा पत्ता लिहून घेऊन गेल्या. कुणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात दिले. काशीबाईची गोष्ट सांगितली, जेवढी आठवीच्या मुलींना सांगता येते तेवढी. मग फुल्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या मुलाची सांगितली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या जोडप्याने १८७४ साली दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणून पोचवीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच प्लेगापायी तीन वर्षांनी कर्व्यांनी आपला आश्रम शहराबाहेर, हिंगण्याला नेला.